डावा हात

नोव्हेंबरात कामा नदी गोठते,
साडेआठलाही पेर्ममध्ये काळोखच असतो,
तेव्हा मी दोन नंबरच्या हॉलमध्ये पियानोचं झाकण उघडते
आणि बोटं काखेत धरून बसते.
मुली येतात. मोज्यांवर मोजे, त्यांवर लोकरीच्या नळ्या,
अंगाला कापराचा वास, तोंडाला उपाशीपणाचा.
बारवर हात टेकतात.
‘आणि...’ म्हणतात क्लावदिया ल्वोव्हना.
या ‘आणि’मध्ये माझी एकतीस वर्षं गेली.

स्वरलिपीकडे मी बघत नाही.
आठ मात्रा, पुन्हा आठ, मग दुसऱ्या बाजूने.
बघते त्यांच्या पाठी,
बाकी सगळं हसायला शिकलेलं असतं.
सोमवारी वजन. नावापुढे आकडा,
आकड्यापुढे कधी तांबडी रेघ.
रेघवाली मुलगी दुपारी बीटाच्या सुपात
अर्धा तास चमचा फिरवते,
तोही अगदी तालात.

लोक तिकीट काढतात ते उडी बघायला.
उडीचं काय, चिमणीही मारते.
खाली येणं बघा.
त्रेचाळीस किलो, एका अंगठ्यावर,
आणि लाकडाला पत्ता लागू द्यायचा नाही.
मी डोळे मिटून सांगेन कोण उतरलं:
ही पोतं, ती मांजर, ती उशीर झालेली मोलकरीण.

अग्लाया उतरायची
कुणी दाराखालून पत्र सरकवावं तशी.
चुसोवोयची. बाप लाकडाचा ट्रक चालवायचा.
दहाव्या वर्षी तिचे घोटे, मांड्या, पाठ
बाजारात घोडं तपासतात तसं तपासून घेतलेली.
सतराव्या वर्षी निरोपाच्या प्रयोगात मुख्य भूमिका.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी,
त्या पत्रात नाणं होतं.
टिक.
एवढंच. डावा पाय.
क्लावदिया ल्वोव्हना मात्रा मोजत होत्या, त्यांना कळलं नाही.
अग्लायानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.
मागितलं काहीच नाही तिनं,
आणि मी दिलं.
पुढच्या उडीला
पाय टेकायच्या नेमक्या क्षणी
डाव्या हाताने खर्जात एक जाड सूर ठेवला,
ओल्या डागावर सतरंजी सरकवावी तसा.

सात आठवडे.
तिचा डावा पाय आणि माझा डावा हात,
दोघांचं परस्पर ठरलं होतं,
आम्ही दोघी जिन्यात भेटलो तर
बर्फाबद्दल बोलायचो.
बुटाच्या टोकाशी तपकिरी डाग वाढत होता,
पण तो तर सगळ्यांच्याच असतो. कुणी गळलेलं नख
काडेपेटीत ठेवतं, कुणी खिडकीबाहेर फेकतं.

प्रयोगाला मी वाजवायला नव्हते.
खाली साठ माणसांचा वाद्यवृंद,
चांगली माणसं,
एकालाही तिचा पाय ठाऊक नाही.
मी वरच्या सज्जात, कोणाच्या तरी ओल्या कोटाशेजारी.
शेवटच्या उडीआधी संगीत थांबतं, हे मी विसरलेच होते.
दोन मात्रा, सगळं थिएटर मुकं.
ती वर गेली.
मी गुडघ्यावर डावा हात आपटला.

टाळ्या खूप वाजल्या. शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.
हाड कधीचं तडकलंय, डॉक्टर म्हणाले, आधी कुणाला कळलं कसं नाही?

परवा ट्रामच्या थांब्यावर ती भेटली,
पिशवीत बटाटे, सोबत एक जाडजूड आनंदी मुलगा.
ओळख पटायला मला वेळ लागला, ती जमिनीवर चालत होती.
म्हणाली, ‘फाइना मात्वेयेव्हना,
तुम्ही होतात म्हणून मी ते सात आठवडे नाचले.’
ट्राम आली.
आभार होते की फिर्याद, विचारायचं राहिलं.

आज नवा वर्ग. अकरा मुली, त्यांचे बावीस पाय.
मी डावा हात हलका ठेवला आहे,
इतका, की क्लावदिया ल्वोव्हना वळून म्हणाल्या,
‘खर्ज कुठे गेला, फाइना? झोपलीस का?’
मी मान हलवली.
पाचव्या मुलीला पुन्हा उडी मारायला सांगा, म्हटलं.
एकटीला.
पियानोशिवाय.